इतर हक्क

सातबाराच्या उताऱ्यावर एक रकाना असतो. छापील कागदावर त्याला 'इतर अधिकार' म्हणतात. तलाठ्याच्या चावडीत आणि गावाच्या पारावर 'इतर हक्क'. कुळाची नोंद, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, विहिरीतला चार आणे हिस्सा, पुनर्वसनाचा शेरा असे काय काय त्यात असते. शेतजमीन विकत घेणारा शहरी माणूस उतारा हातात पडताच मालकाच्या नावानंतर प्रथम हाच रकाना पाहतो. तो कोरा असला की त्याचा जीव भांड्यात पडतो. वकील म्हणतो, टायटल क्लिअर आहे. एजंट म्हणतो, साहेब, कसली म्हणून कटकट नाही.

ही जी 'कटकट' आहे, तिचा विचार या लेखात करायचा आहे. जमीन विकत घेतली म्हणजे आपण नेमके काय विकत घेतो? आणि जे विकत मिळत नाही, पण जमिनीबरोबर येते, त्याचे काय करायचे?

सिंहगड रस्त्याने धायरी, नांदेड, किरकटवाडी मागे टाकून खडकवासल्याच्या धरणापाशी आले आणि तसेच पानशेतच्या दिशेने डोणजे, गोऱ्हे, खानापूर, मालखेड करीत गेले, की या प्रश्नाचे दृश्य रूप दोन्ही बाजूंना दिसते. तारेची कुंपणे, सिमेंटचे खांब, लोखंडी फाटके आणि फाटकावर मालकाच्या मुलीचे किंवा आईचे नाव. आत हिरवळ, चार नारळ, दहा आंबे, उतरत्या छपराचे घर. मधूनमधून फलक: धरणाचे पाणी समोर, सिंहगड मागे, दहा-अकरा गुंठ्यांचे तुकडे, बँकेचे कर्ज मिळवून देऊ. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. चाळीस गुंठ्यांचा एकर. पूर्वी या भागात माणूस आपली जमीन 'किती खंडीची' किंवा 'किती मणाची' असे पिकावरून सांगत असे. आता ती चौरस फुटांत मोजली जाते. माप बदलले की वस्तूही बदलते.

घेणारे लोक वाईट नसतात, हे आधीच सांगून टाकतो. कोणी आयटीतले जोडपे असते, कोणी डॉक्टर, कोणी निवृत्त अधिकारी. कोंढव्यातली, कॅम्पातली, आमच्या ओळखीतली काही मुसलमान कुटुंबेही त्यांत आहेत. कुणाच्या मुलाने दुबईत पंधरा वर्षे काढली आणि त्या पैशांतून बापासाठी तुकडा घेतला. प्रत्येकाचे कारण मनापासूनचे असते. मुलांना माती कळावी. आईला अंगण हवे. शहरात श्वास कोंडतो. आपल्या आजोबांचे गाव कधीच सुटले, त्याची चुटपुट मनात असते. ही ओढ खोटी नाही. म्हणूनच तिची नीट तपासणी करायला हवी. लबाड माणसाला नीतीचा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नसतो, तो सज्जनांनाच विचारायचा असतो.

जमिनीच्या व्यवहाराची आपली भाषा पाहा. जमीन, मालक, हक्क, कब्जा, वारस, दस्त, महसूल, इनाम, वतन, तालुका, मौजे हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी शेतकऱ्याच्या तोंडात इतके मुरले की ते परके आहेत असे सांगितले तर तो हसेल. सतराव्या शतकाच्या सुरुवातीस निजामशाहीत मलिक अंबरने, म्हणजे हबसाणातून गुलाम म्हणून आलेल्या एका माणसाने, जमिनीचा कस आणि हाती येणारे पीक पाहून सारा ठरवण्याची घडी बसवली. पुणे प्रांतात ती दीर्घकाळ नावाजली गेली. या जुन्या व्यवस्थेत जमीन धारण करणारे दोन प्रकारचे लोक होते. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमिनीवर हक्क असलेला, गावाच्या कारभारात ज्याचे पान मांडलेले असे. आणि उपरी, म्हणजे बाहेरून आलेला, करार असेतोवर जमीन कसणारा, गावात मान नसलेला.

आज खडकवासल्याच्या परिसरात हे नाते उलटे झाले आहे. बाहेरून आलेला मिरासदार झाला, आणि मिरासदाराच्या पणतवाने त्याच जमिनीवर राखणदाराची नोकरी धरली. महिना ठरलेला पगार, राहायला पत्र्याची खोली, शनिवार-रविवारी मालक आले की चुलीवरची भाकरी करून देणारी बायको. आपल्याच आजोबांनी लावलेल्या आंब्याखालून तो मालकाच्या पाहुण्यांना खुर्च्या नेऊन देतो. त्याला कोणी फसवले असे नाही. त्याने सही केली, पैसे घेतले. पैशाचे काय झाले हेही गावाला ठाऊक असते: एक गाडी, एक सिमेंटचे घर, एक थाटाचे लग्न, भावाभावांतला एक खटला, आणि काही दिवस मिरवलेली 'गुंठामंत्री' ही पदवी. काहींनी शहाणपणाने पैसा राखला, मुले शिकवली, दौंडकडे बागायत घेतली. पण पैसा संपला की परत मिळत नाही अशी एकच गोष्ट त्या व्यवहारात होती, ती म्हणजे जमीन.

या भागाची आणखी एक कहाणी आहे. खडकवासल्याचे धरण मुठा नदीवर इंग्रजांनी बांधले. ते १८७९ च्या सुमारास पुरे झाले. फाईफ नावाच्या इंजिनिअरच्या नावाने तलावाला 'लेक फाईफ' म्हणत. लष्कराच्या छावणीला पाणी आणि खालच्या शेतीला कालवा हा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर वरच्या बाजूला आंबी नदीवर पानशेत बांधायला घेतले. १२ जुलै १९६१ ला ते फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांधही फुटला आणि पुणे बुडाले. पुढे पानशेत पुन्हा उभे राहिले, मोसे नदीवर वरसगाव झाले, मुठेवर टेमघर झाले. आज या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे, आणि पुणे शहराचा घसा प्रामुख्याने तिच्यावर ओला राहतो. या पाण्याखाली जी गावे गेली, जी भातखाचरे गेली, त्यांची माणसे देशावर, दौंडसारख्या तालुक्यांत नेऊन वसवली गेली. जी वर डोंगराच्या कडेला उरली, त्यांच्या हाती पाण्याच्या काठाची वरकस जमीन राहिली. तिला किंमत नव्हती. चाळीस-पन्नास वर्षांनी तिलाच 'लेक व्ह्यू' म्हणून किंमत आली. शहराने प्रथम यांच्या खोऱ्यातून पाणी नेले आणि मग त्या पाण्याच्या काठावर बसायला जागा मागितली.

शेजारच्या मुळशी पेट्याचा इतिहासही याच्याशी जोडलेला आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्या लढ्यात एक अवघड गोष्ट उघडी पडली: बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या, आणि त्या कसणारे मावळे कुळे होते. मोबदल्याची भाषा सुरू झाली तेव्हा कागदावर नाव असणाऱ्याचे हित आणि नांगर धरणाऱ्याचे हित वेगळे निघाले. म्हणजे पुण्याच्या माणसाच्या नावे मावळात जमीन असणे ही काही नवलाई नव्हे. नवे इतकेच की सावकाराला निदान भाताचा वाटा हवा असे. आजच्या मालकाला भातही नको, दृश्य हवे.

सातबारा हा एक कागद दिसतो, पण तो दोन नमुन्यांचा मिळून झालेला आहे. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची. गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकले, कोणत्या हंगामात, किती क्षेत्रावर, पाणी कुठले. ज्यांनी हे नमुने एकत्र जोडले त्यांच्या मनात एक साधी गोष्ट होती: मालकी आणि मशागत एकमेकींना धरून असतात. फार्महाऊसवाल्याने सात विकत घेतला आणि बारा तसाच सोडून दिला. बाराच्या रकान्यात 'पड' असे लिहिलेले राहते, किंवा आंब्याची चार झाडे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत शेतघराची जी कल्पना आहे तीही अवजारे, धान्य, गुरे आणि कसणाऱ्या कुटुंबाचा निवारा यांसाठीच्या बांधकामाची आहे. पोहण्याच्या तलावाची नाही.

मग कायद्याने हे थांबवावे का? कायदा आहेच. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा त्याच्याही एक वर्ष आधीचा. या दोन्हींतून माणसे कशा वाटा काढतात हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. कुठल्या तरी जिल्ह्यातला चुलत्याचा सातबारा शोधून शेतकरी व्हायचे, सामाईकात नावे लावायची, कुलमुखत्यारपत्रावर वर्षानुवर्षे काढायची. २०१० साली मोसे खोऱ्यातील लवासाचे काम केंद्रीय पर्यावरण खात्याने थांबवायला लावले. पुढे ती कंपनी कर्जाच्या भाराने दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. मोठ्या प्रकल्पाची निदान चर्चा होते. दहा-दहा गुंठ्यांनी डोंगर जातो तेव्हा कोणी बातमीही करीत नाही.

पण कायद्याच्या कुंपणाला एक खणखणीत आक्षेपही आहे, आणि तो शेतकऱ्यांच्याच बाजूने घेतला गेला आहे. शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले की जमीन विकण्यावर बंधने घालून तुम्ही शेतकऱ्याच्या एकमेव मालमत्तेची किंमत पाडता आणि त्याला तोट्याच्या धंद्यात कोंडून ठेवता. ही गोष्ट सहज झटकून टाकता येत नाही. एका पावसाच्या भातावर, फुटक्या बांधावर, मुलीच्या लग्नाच्या काळजीवर ज्याने चाळीस वर्षे काढली, त्याला 'भूमी ही माता आहे, विकू नकोस' असे पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरून सांगणे हा उद्धटपणा आहे. आपण आपली जुनी घरे विकासकाला देऊन फ्लॅट घेतले, तेव्हा कोणी आपल्याला माता आठवून दिली नव्हती.

आणि मला आणखी एका कारणाने जपून बोलावे लागते. 'बाहेरच्या माणसाला जमीन देऊ नये' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. पुण्यात घर शोधणाऱ्या मुसलमानाला हे वाक्य कसे ऐकू येते ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. फोनवर सगळे ठरते. भाडे, अनामत, किल्ली कधी. मग नाव विचारले जाते. नाव सांगितले की फ्लॅट कालच गेलेला असतो, किंवा सोसायटीची कमिटी आडवी येते, किंवा मालकाचा भाऊ अचानक परदेशातून परत येणार असतो. एका ठिकाणी मला एका गृहस्थांनी अतिशय नम्रपणे सांगितले, "सर, आमची काही हरकत नाही हो, पण शेजाऱ्यांचं मन मोडवत नाही." शेजाऱ्यांचे मन! शेजारधर्म हा इतका सुंदर शब्द आहे, आणि त्याचा इतका कुरूप उपयोग होऊ शकतो.

इस्लामी कायद्यात शुफा नावाची एक तरतूद आहे. स्थावर मिळकत विकायची तर ती आधी घेण्याचा हक्क तीन प्रकारच्या माणसांना क्रमाने मिळतो. पहिला, मालकीतला भागीदार. दुसरा, वाट आणि पाणी यांतला भागीदार. तिसरा, लगतचा शेजारी. हिंदुस्थानात हा हक्क बऱ्याच ठिकाणी रूढीने हिंदूंमध्येही चालत असे. त्यातली दृष्टी फार मोलाची आहे: जमीन ही एकट्या मालकाची गोष्ट नाही, तिच्या विक्रीने दुसऱ्यांच्या जगण्यात काही बदलते, म्हणून त्यांना आधी विचारले पाहिजे. परंतु १९६२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारी असल्यामुळे मिळणारा हा हक्क घटनेशी विसंगत ठरवला; सहमालकाचा हक्क मात्र राखला. न्यायालयाची चिंता रास्त होती. शेजाऱ्याला अशी आडकाठी करू दिली, तर नको असलेल्या जातीधर्माच्या माणसाला गल्लीबाहेर ठेवण्याचे ते हत्यार होते. तत्त्व चांगले असूनही ते कोणाच्या हाती पडते यावर त्याची नीती ठरते, हे या एका निकालातून शिकण्यासारखे आहे.

म्हणून 'कोण येतो' हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. कोणीही यावे. भारताचा नागरिक कुठेही राहू शकतो, आणि आपल्यासारख्यांनी तर हे तत्त्व प्राणपणाने जपले पाहिजे. प्रश्न, आल्यावर तो काय मान्य करतो, हा आहे.

बाहेरून येऊन जमीन घेतलेली दोन माणसे आठवतात. पहिले महात्मा फुले. ते पुण्याचे, शहरातले. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी ते कंत्राटदार म्हणून जोडलेले होते. कालवा झाला, पण त्याचे पाणी घ्यायला शेतकरी कचरत होते. फुल्यांनी कालव्याखाली मांजरीला जमीन घेतली आणि स्वतः पाणी घेऊन बागायत करून दाखवली. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात बांध-बंधारे घालून पाणी मुरवण्याच्या ज्या सूचना आहेत त्या करणीतून आलेल्या आहेत. दुसरे शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न संस्थेतली नोकरी सोडून ते सत्तरच्या दशकात परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. तिच्यात पीक काढताना हिशेब मांडला, तो जुळेना, आणि त्या न जुळणाऱ्या हिशेबातून चाकणचे कांदा आंदोलन आणि शेतकरी संघटना उभी राहिली. दोघांचे विचार सारखे नाहीत. पण दोघांनी सातबरोबर बाराही घेतला. जमिनीच्या तोट्यात ते वाटेकरी झाले. आलेला माणूस गावचा होतो तो तिथे जन्मल्यामुळे नव्हे, तिथल्या नुकसानीत सामील झाल्यामुळे.

विकणाऱ्यांनाही एकच वाट नव्हती. हडपसरला मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन विकासकाच्या हवाली न करता एकत्र केली, कंपनी काढली आणि स्वतः भागधारक राहून नगर उभारले. पुढे त्याच धर्तीवर खडकवासल्याच्या अलीकडे नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी सुमारे ७०० एकरांवर नांदेड सिटी केली. तिथे शेत उरले नाही हे खरे. परंतु शेतकरी राखणदार झाला नाही, हेही खरे. ज्यांची सलग जमीन आणि एकीचे बळ होते त्यांना हे जमले. डोंगरकडेच्या दोन एकरवाल्याला ते कसे जमावे?

आता त्या कोऱ्या रकान्याकडे वळू. आपण मोबदला देतो तो मालकाच्या हक्काचा. बाजारभाव ठरतो तोही त्याचाच. पण त्या जमिनीवर ज्यांचे काही होते आणि ज्यांचे नाव कुठेच नव्हते, त्यांच्याशी कोणी घासाघीस केलेली नसते. बांधावरून शाळेत जाणारी पोरे. ओढ्याला उतरणारी गुरे. पावसाळ्याआधी डोंगरावर मेंढरे चढवणारा धनगर. लावणीला आणि कापणीला येणारी, बांधाकडेला खोपट करून राहणारी कातकऱ्याची बाई. तारेचे कुंपण पडले त्या दिवशी यांचे सगळ्यांचे काही ना काही गेले, आणि कोणीही चोरी केली नाही. फाटकाशी मालक अदबीनेच म्हणाला, "मामा, आता इकडून नका येत जाऊ, कुत्रं बांधलेलं नसतं." मामा अर्धा मैल वळसा घालून गेले. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. ज्याने वाट अडवली त्याच्याच फाटकावर मुलाला माळीकाम मिळाले असेल, तर तो अर्ज कोण करील?

आणि बहीण. वारसनोंद करताना मुलांची नावे कब्जेदार म्हणून आणि मुलींची नावे 'इतर हक्कात' लावण्याची आपल्याकडे जुनी पद्धत होती. बापाच्या जमिनीत मुलगी 'इतर'! महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला. मुसलमानांत कुरआनाने मुलीला भावाच्या निम्मा का होईना, निश्चित वाटा दिला आहे. पण १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली आणि शेतापुरती रूढीला मोकळीक राहिली. त्यामुळे जमीन विकायची वेळ आली की हिंदूंच्या घरात भाऊ म्हणतो, "ताई, सही तेवढी कर, माहेर तुटायला नको." आणि आमच्या घरात म्हणतो, "आपा, हिस्सा घेऊन तू काय करणार, आम्ही आहोत ना." हक्कसोडपत्र होते, रकाना कोरा होतो, टायटल क्लिअर होते. घेणाऱ्याला वकील सांगतो, बहिणींच्या सह्या झाल्यात. सह्या कशा झाल्या हे विचारणे त्याच्या फीमध्ये बसत नाही.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही जुन्या गावाचे गोडवे गाता आहात. तसे नाही. जुन्या गावातले सगळेच 'इतर हक्क' चांगले नव्हते. सावकाराचा बोजा हाही इतर हक्कच होता. पिकात सुताराचा, लोहाराचा, मुलाण्याचा बलुत्याचा वाटा होता, पण त्याबरोबर जन्माने लादलेले काम होते. महार वतनाने माणसाला जमिनीच्या चिमूटभर तुकड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या गावकीच्या राबणुकीला जखडले. बाबासाहेब त्याविरुद्ध लढले आणि १९५८ च्या कायद्याने अशी वतने रद्द झाली. तेव्हा कोणता इतर हक्क राखायचा आणि कोणता मोडायचा, याला कसोटी हवी. मला सुचते ती अशी: ज्या हक्काने एक माणूस दुसऱ्यावर स्वार होतो तो मोडावा, ज्या हक्कावाचून दुसऱ्याचे जगणे अडते तो राखावा. वाट, पाणी, गुराचा चारा, वारसाचा वाटा, हाताला काम हे दुसऱ्या प्रकारचे आहेत. पैगंबरांच्या एका वचनात पाणी, गवत आणि अग्नी या तिन्हींत सर्व माणसे भागीदार असल्याचे सांगितले आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या वाळवंटातले हे शहाणपण धरणाच्या काठावर बोअर मारणाऱ्याने जरा थांबून ऐकावे असे आहे.

पाण्याचा हिशेब तर सर्वांत सरळ आहे. काठावरच्या प्रत्येक घराचे सांडपाणी उताराने कुठे जाते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा सगळ्या शहराने पहिल्यांदा आपल्या पेल्यातल्या पाण्याकडे पाहिले. नांदेड, किरकटवाडी आणि खुद्द खडकवासला ३० जून २०२१ पासून पुणे महापालिकेतच आहेत; धायरी त्याआधीपासूनच आहे. शहरापासून दूर म्हणून जिथे जावे तिथे शहर आपल्या मागोमाग येते, कारण ते आणणारे आपणच असतो. मग आपण आणखी पुढे, पानशेतकडे, वेल्ह्याकडे तुकडा पाहू लागतो. निसर्गाजवळ जाण्याची ही रीत अशी आहे की, जो पोहोचतो तो आपल्यामागच्याचा निसर्ग बुजवून पोहोचतो.

तर मग घेऊ नये का? घ्यावी. पण घेताना काही गोष्टी खरेदीखतात नसल्या तरी आपणहून मान्य कराव्यात. बांधावरची जुनी वाट कुंपणाबाहेर सोडावी. तीन फुटांनी कोणी भिकेला लागत नाही. सांडपाणी आपल्याच जमिनीत जिरवावे. बोअर मारण्याआधी वरच्या आणि खालच्या विहिरीचा विचार घ्यावा. जमीन स्वतः कसता येत नसेल तर जो कसत होता त्याला भातापुरती कसू द्यावी, म्हणजे बाराचा रकाना जिवंत राहील. विकणाऱ्याच्या बहिणीला समोर बसवून, भावाच्या पाठीमागे, एकदा विचारावे: ताई, तुमची मर्जी आहे ना? ती मुकाट राहिली तर त्या मौनाची किंमत आपल्या किमतीत धरावी. यातले काहीही कायद्याने सक्तीचे नाही. नीती सुरू होते ती सक्ती संपते तिथून.

आमच्या घरांत लहानपणी दोन प्रकारच्या हक्कांविषयी शिकवले जाते. एक हुकूकुल्लाह, अल्लाहचे हक्क. दुसरे हुकूकुल इबाद, माणसांचे हक्क. नमाज चुकली, रोजा सुटला, तर तो अल्लाहचा आणि बंद्याचा मामला. त्याच्या दयेला सीमा नाही. पण माणसाचा हक्क बुडवला असेल तर त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटका नाही, असे उलेमा सांगत आले आहेत. श्रद्धा असो वा नसो, यातला विचार कोणालाही पटण्यासारखा आहे. हक्क या अरबी शब्दाचा अर्थ नुसता 'माझे' असा नाही. 'सत्य' आणि 'देणे' असाही आहे. आपण मराठीत त्यातला 'माझे' तेवढा घेतला.

सातबाराचा रकाना कोरा असणे याचा अर्थ तिथे कोणाचाच हक्क नाही असा नसतो. कोणी तो लिहून घेतला नाही, इतकाच असतो. तेव्हा वकिलाकडून उतारा तपासून झाला की एकदा त्या गावात पायी फिरावे, पारावर बसलेल्या कोणा म्हाताऱ्याला चहा सांगावा आणि विचारावे, बाबा, या जमिनीतून कोणाकोणाची वाट जात होती?